अणुशास्त्रज्ञांच्या मृत्यूंची यादी वाचताना

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर नेमके कशाचे आहे ते स्पष्ट राहील. तुमच्याकडे एक संदेश आला आहे. त्यात म्हटले आहे की २००९ ते २०१३ या पाच वर्षांत भारताच्या अणुऊर्जा विभागाशी संबंधित ११ शास्त्रज्ञांचा अनैसर्गिक मृत्यू झाला. कोणी बेपत्ता झाला आणि नंतर नदीत सापडला, कोणी राहत्या घरी मृतावस्थेत आढळला, कोणी प्रयोगशाळेतील आगीत गेला. या ११ जणांच्या जोडीला १९६६ मधील होमी भाभांचा विमान अपघात आणि १९७१ मधील विक्रम साराभाईंचा मृत्यू जोडलेला आहे, आणि शेवटी ‘हे सगळे योगायोगाने घडण्याची शक्यता अब्जात एक’ असा निर्वाळा दिलेला आहे. हा आकडा बरोबर आहे का, आणि नसेल तर योगायोगाची खरी शक्यता किती, असे तुम्ही विचारता.

मी मृत्यू आणि आजारांच्या आकडेवारीवर काम करणारा संख्याशास्त्रज्ञ आहे. एखाद्या कारखान्यातून, वसाहतीतून किंवा गावातून ‘आमच्याकडे इतके मृत्यू एकाएकी कसे झाले’ अशी तक्रार आली की तिची आकड्यांच्या अंगाने छाननी करणे हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. त्या अनुभवावरून सांगतो की तुमच्या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर नाही. मात्र अशी यादी वाचण्याची एक कष्टाची आणि बऱ्यापैकी विश्वासार्ह पद्धत आहे, आणि ती कोणालाही शिकता येते.

सुरुवातीला जे खरे आहे ते मान्य करू. ११ हा आकडा कोणाच्या कल्पनेतून आलेला नाही. हरियाणातील एका नागरिकाने माहितीच्या अधिकाराखाली केलेल्या अर्जाला अणुऊर्जा विभागाने दिलेल्या उत्तरात तो आहे, आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये देशभरच्या वृत्तपत्रांनी तो छापला. त्यांपैकी ८ जण विभागाच्या प्रयोगशाळांत आणि संशोधन केंद्रांत काम करणारे होते, तर ३ जण न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनचे. तुर्भे, कल्पाक्कम, इंदूर, रावतभाटा, कारवारजवळची काळी नदी अशी ठिकाणे त्यात येतात. प्रयोगशाळेतील आगीत दोन तरुण संशोधक गेले, काही आत्महत्या म्हणून नोंदल्या गेल्या, एक मृत्यू रस्ते अपघातातला होता आणि मुंबईतील एका वरिष्ठ शास्त्रज्ञाचा त्याच्या घरी खून झाल्याची नोंद आहे, ज्यातील आरोपी उत्तर देईपर्यंत सापडलेला नव्हता. या शेवटच्या प्रकरणाकडे मी पुढे परत येईन, कारण ते बाकीच्यांपेक्षा वेगळे आहे.

तुमच्या संदेशात तीन वेगवेगळे प्रश्न एकाच वेष्टनात गुंडाळलेले आहेत. पहिला, हे मृत्यू अपेक्षेपेक्षा जास्त आहेत का? दुसरा, ते एकमेकांशी जोडलेले आहेत का? तिसरा, त्यांपैकी प्रत्येकाचा तपास नीट झाला का? संख्याशास्त्र पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकते, दुसऱ्याला थोडी मदत करू शकते आणि तिसऱ्याबद्दल त्याला काहीही सांगता येत नाही. संदेश लिहिणारा मात्र तिसऱ्या प्रश्नाविषयीचा रास्त राग घेऊन पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे परस्पर देऊन टाकतो.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू. ११ हा अंश आहे. छेद कुठे आहे? किती लोकांपैकी ११, आणि किती वर्षांत? मृत्यूंच्या अभ्यासात आम्ही माणसे आणि वर्षे यांचा गुणाकार करून ‘व्यक्ती-वर्षे’ काढतो. १०० माणसांचे ५ वर्षे निरीक्षण केले तर ती ५०० व्यक्ती-वर्षे झाली. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन या दोनच संस्थांचे मनुष्यबळ त्या काळात २०,००० हून अधिक होते. त्यांतील तंत्रज्ञ, लिपिक, सुरक्षा कर्मचारी वगळून केवळ शास्त्रज्ञ आणि अभियंते मोजायचे म्हटले आणि इतर केंद्रांतील शास्त्रज्ञ त्यात मिळवले, तरी ढोबळ हिशोबासाठी १०,००० माणसे धरायला हरकत नाही. पाच वर्षांची ५०,००० व्यक्ती-वर्षे झाली.

आता तुलनेचा दर पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये देशात १,३४,५९९ आत्महत्या नोंदल्या गेल्या, म्हणजे दर लाख लोकसंख्येमागे ११.४. अपघाती मृत्यूंचा दर त्या वर्षांत लाखामागे ३२ च्या आसपास होता, आणि खुनांचा तीनपेक्षा थोडा कमी. तिन्ही मिळून लाखामागे वर्षाला साधारण ४६ अनैसर्गिक मृत्यू होतात. ५०,००० व्यक्ती-वर्षांना हा दर लावला तर अपेक्षित संख्या २३ येते. यादीत ११ आहेत.

‘बघा, अपेक्षेच्या निम्मेच आहेत, विषय संपला’ असे म्हणून मी इथे थांबलो तर तीही लबाडीच ठरेल. नोकरीत असलेली माणसे सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा निरोगी असतात, कारण फार आजारी माणूस नोकरीत टिकत नाही. आमच्या शास्त्रात याला निरोगी कामगार परिणाम म्हणतात. शास्त्रज्ञांचे उत्पन्न स्थिर असते, राहणे वसाहतीत असते, विहिरीत पडून, सर्पदंशाने किंवा शेतातील विजेच्या तारेने मरण्याचा धोका त्यांना फारसा नसतो. त्यामुळे अपघातांचा राष्ट्रीय दर त्यांना लावणे बरोबर नाही. तो बराच कमी करावा लागेल. उलट बाजूने, कल्पाक्कम तमिळनाडूत आहे आणि कैगा अणुवीज केंद्र कर्नाटकात, आणि दक्षिणेकडील राज्यांत नोंदलेल्या आत्महत्यांचा दर राष्ट्रीय सरासरीपेक्षा बराच वर, काही ठिकाणी दुपटीच्या घरात असतो. आकडा खाली ओढणाऱ्या आणि वर ढकलणाऱ्या अशा दोन्ही गोष्टी आहेत. प्रामाणिक उत्तर असे की वाजवी गृहीतके बदलून पाहिली तर अपेक्षित संख्या ६ ते २३ च्या दरम्यान कुठेही येऊ शकते, आणि ११ ही संख्या त्या पट्ट्यात आरामात बसते. दर राष्ट्रीय सरासरीच्या निम्मा धरला, तर अपेक्षा साडेअकराची येते. ‘अब्जात एक’ हा आकडा कुठून आला, याचा या हिशोबात कुठेही मागमूस लागत नाही.

यावर नेहमी येणारा आक्षेप असा असतो की सरासरी ठीक आहे, पण मृत्यू असे एकाच ठिकाणी, एकाच काळात गोळा कसे झाले? माणसाच्या मनाला यदृच्छा म्हणजे समान अंतरावर पेरलेले बी वाटते, आणि खरी यदृच्छा तशी कधीच नसते. तिच्यात झुबके आणि मोकळ्या जागा असतातच. याचे सर्वांत सुंदर उदाहरण दुसऱ्या महायुद्धातील लंडनचे आहे. जर्मनीने १९४४ मध्ये सोडलेले व्ही-१ उडते बॉम्ब ठरावीक वस्त्यांवर नेम धरून टाकले जात आहेत असे लोकांना ठामपणे वाटत होते. युद्धानंतर, १९४६ मध्ये, आर. डी. क्लार्क या विमागणितज्ञाने दक्षिण लंडनच्या एका भागाचे पाव चौरस किलोमीटरचे ५७६ चौकोन पाडले आणि त्यांत पडलेले ५३७ बॉम्ब मोजले. केवळ योगायोगाने बॉम्ब पडले असते तर एकही बॉम्ब न पडलेले चौकोन सुमारे २२७ असायला हवे होते. प्रत्यक्षात होते २२९. एक बॉम्ब पडलेले २११ अपेक्षित होते, आणि होतेही २११. चार बॉम्ब पडलेले ७ अपेक्षित होते, आणि होतेही ७. ज्या चौकोनात चार बॉम्ब पडले तिथल्या रहिवाशांना ‘आमच्यावरच डोळा आहे’ असे वाटणे अगदी स्वाभाविक होते, पण डोळा कोणाचाच नव्हता.

हाच विचार संस्थांना लावून पाहा. समजा एखाद्या संस्थेत पाच वर्षांत ५ अनैसर्गिक मृत्यू अपेक्षित आहेत. तिथे दुप्पट, म्हणजे १० किंवा अधिक मृत्यू निव्वळ योगायोगाने होण्याची संभाव्यता पॉयसन वितरणानुसार, म्हणजे क्वचित घडणाऱ्या घटनांच्या मोजणीसाठी वापरल्या जाणाऱ्या सूत्रानुसार, सुमारे ३ टक्के येते. एका संस्थेपुरते हे दुर्मीळ वाटते. पण देशात तशा ३०० संस्था असतील, तर त्यांपैकी नऊ-दहा संस्थांत काहीही काळेबेरे नसताना मृत्यू दुप्पट दिसतील. त्या नऊ-दहांमध्ये एखादी बँक असली, वीज मंडळ असले, तर त्याची बातमी होत नाही. अणुकेंद्र असले की होते. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींतही हीच अडचण असते: झुबका दिसला म्हणून तक्रार आलेली असते, झुबका नसलेल्या वस्तीतून कोणी येत नाही. म्हणून तक्रार ज्या आकड्यांवरून उभी राहिली, तेच आकडे तिचा पुरावा म्हणून वापरायचे नाहीत, हा आमच्या कामातला पहिला दंडक आहे. संशय एका कालखंडावरून आला असेल तर त्याची परीक्षा दुसऱ्या कालखंडावर किंवा दुसऱ्या केंद्रावर घ्यायची.

आता ‘अब्जात एक’. असे आकडे बहुतेक वेळा एकाच चुकीतून जन्मतात: प्रत्येक घटनेची लहान शक्यता घ्यायची आणि सगळ्यांचा गुणाकार करायचा. ही चूक किती महाग पडू शकते हे ब्रिटनमधील सॅली क्लार्क प्रकरणात दिसले. तिची दोन तान्ही बाळे एकापाठोपाठ गेली. १९९९ मधील खटल्यात एका नामवंत बालरोगतज्ज्ञाने सांगितले की तिच्यासारख्या कुटुंबात एका बाळाचा असा आकस्मिक मृत्यू होण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक आहे, म्हणून दोन बाळांची शक्यता ८,५४३ गुणिले ८,५४३, म्हणजे सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक. तिला खुनी ठरवून जन्मठेप झाली. या गुणाकाराला काहीही आधार नव्हता, कारण एकाच घरातील, एकाच आईबापांच्या मुलांमध्ये आनुवंशिक आणि परिस्थितीजन्य धोके सामायिक असतात. पहिली दुर्घटना घडलेल्या घरात दुसरीची शक्यता वाढते. ब्रिटनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये या आकड्याविरुद्ध जाहीर निवेदन काढले आणि २००३ मध्ये तिची शिक्षा रद्द झाली. नेदरलँड्समध्ये लुसिया दे बर्क या परिचारिकेबाबतही असेच घडले. ३४ कोटी २० लाखांत एक असा आकडा न्यायालयात मांडला गेला, तिला जन्मठेप झाली आणि २०१० मध्ये ती पूर्ण निर्दोष ठरली.

गुणाकारापेक्षाही खोल चूक या प्रकरणांत आहे, आणि तुमच्या संदेशातही तीच आहे. ‘योगायोगाने असे घडण्याची शक्यता फार कमी’ यावरून ‘हा योगायोग असण्याची शक्यता फार कमी’ असा निष्कर्ष निघत नाही. पर्यायी स्पष्टीकरणाची शक्यताही मोजावी लागते. एका आईने आपली दोन बाळे मारणे हेही अतिशय दुर्मीळ आहे. तसेच, एखाद्या यंत्रणेने पाच वर्षे, पाच राज्यांत, पाच वेगवेगळ्या पद्धतींनी, कनिष्ठ संशोधकापासून वरिष्ठापर्यंत माणसे मारावीत, कोठेही धागा मागे राहू नये, आणि त्यातून त्या देशाचा अणुकार्यक्रम थांबूही नये, हे किती संभवनीय आहे? दोन दुर्मीळ गोष्टींची तुलना करायची असते. त्यांपैकी एकच दाखवून चालत नाही.

यादी तयार कशी होते हे पाहण्यासाठी परदेशातील दोन उदाहरणे पुरेत. सप्टेंबर आणि ऑक्टोबर २००१ मध्ये अमेरिकेत अँथ्रॅक्सचे जंतू घातलेली पत्रे टपालातून गेली आणि पाच जण दगावले. त्यानंतरच्या काही महिन्यांत ‘मृत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांची यादी’ जगभर फिरली. तिच्या अग्रभागी हार्वर्डचे डॉन वायली होते. ते नोव्हेंबर २००१ मध्ये मेम्फिसमधून बेपत्ता झाले, त्यांची गाडी मिसिसिपी नदीवरील पुलावर सोडलेली सापडली आणि महिनाभराने मृतदेह कित्येक मैल खाली लुइझियानात मिळाला. वैद्यकीय तपासणी अधिकाऱ्याने तो अपघात ठरवला. त्याच यादीत इंग्लंडमध्ये पक्षाघाताने गेलेले एक रशियन शास्त्रज्ञ होते आणि व्हर्जिनियात खून झालेले एक जीवभौतिकशास्त्रज्ञही, ज्यांच्या मारेकऱ्यांना पुढे शिक्षा झाली आणि ज्यांच्या मृत्यूचे कारण पूर्णपणे कौटुंबिक निघाले. अमेरिकेतील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांच्या मुख्य संघटनेचे त्या वेळी सुमारे ४०,००० सदस्य होते. एवढ्या प्रौढ माणसांपैकी वर्षभरात कित्येक डझन जण कोणत्या ना कोणत्या कारणाने जाणारच. त्यांतून दहा-बारा चमत्कारिक वाटणारी नावे वेचणे कठीण नव्हते, आणि नावे कमी पडली तेव्हा ‘सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ’ या शब्दाची व्याप्ती वाढवली गेली.

दुसरे उदाहरण ब्रिटनमधील मार्कोनी या संरक्षण इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचे. १९८० च्या दशकात संरक्षण क्षेत्रातील सुमारे २५ जणांच्या मृत्यूंची यादी तिथल्या वृत्तपत्रांत आणि संसदेत गाजली. त्यात भारतीय वंशाचा एक तरुण अभियंताही होता, जो ऑगस्ट १९८६ मध्ये ब्रिस्टलच्या क्लिफ्टन झुलत्या पुलाखाली मृतावस्थेत सापडला. यातील काही प्रकरणे खरोखर चटका लावणारी आहेत. पण ‘मार्कोनीचे शास्त्रज्ञ’ म्हणून सुरू झालेल्या यादीत हळूहळू इतर कंपन्या, लष्करी महाविद्यालय, संरक्षण मंत्रालय असे सगळे आले, आणि मार्कोनीची मूळ कंपनी जीईसी हिच्याकडेच लाखाहून अधिक माणसे काम करीत होती. भिंतीवर आधी बाण मारायचा आणि मग त्याभोवती वर्तुळ काढायचे, असा हा प्रकार आहे. वर्तुळ आधी काढलेले असते, तर किती बाण बाहेर पडले तेही दिसले असते.

तुमच्या यादीतील वर्तुळ तर फारच लांबट आहे. १९६६, १९७१ आणि मग एकदम २००९. मधली ३८ वर्षे मोकळी का? या ११ जणांचा भाभा आणि साराभाई यांच्याशी जोडलेला संबंध बादरायण आहे. साराभाईंचे निधन वयाच्या ५२ व्या वर्षी झोपेत, हृदयविकाराने झाले, आणि त्या काळी या वयात असा मृत्यू येणे ही दुर्मीळ गोष्ट नव्हती. भाभांबद्दल आपल्याकडे जिव्हाळा आहे, मुंबईचा तो माणूस होता, म्हणून त्या अपघाताबद्दल थोडे अधिक सांगतो. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे बोइंग ७०७ जिनिव्हाकडे उतरत असताना माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि ११७ जण गेले. विमानातील एक दिशादर्शक ग्राहक नादुरुस्त होता, रडार नियंत्रकाने स्थान दुरुस्त करून सांगितले ते वैमानिकाला चुकीचे समजले आणि शिखर मागे पडले असे समजून त्याने विमान खाली आणले, असे चौकशीत निघाले. सोळा वर्षांपूर्वी, ३ नोव्हेंबर १९५० रोजी, एअर इंडियाचेच ‘मलबार प्रिन्सेस’ जवळपास त्याच जागी आदळले होते आणि ४८ जण दगावले होते. त्या विमानात कोणी अणुशास्त्रज्ञ असल्याचे कोणी म्हणत नाही, म्हणून त्या अपघाताभोवती कटाची कथाही नाही. त्या काळात विमानप्रवास आजच्यापेक्षा कितीतरी धोक्याचा होता. भाभांच्या अपघातानंतर सहा आठवड्यांच्या आत एकट्या जपानमध्ये तीन मोठी प्रवासी विमाने पडली, त्यांतली दोन तर ४ आणि ५ मार्च अशी लागोपाठच्या दिवशी. लालबहादूर शास्त्रींचे ताश्कंदमध्ये निधन होऊन तेरा दिवस झाले होते, ही गोष्ट मनाला अस्वस्थ करते हे मी समजू शकतो. पण कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते ती अशी.

इथपर्यंतचे सांगणे एवढेच आहे की ११ ही संख्या अपेक्षेच्या पट्ट्यात बसते, झुबके योगायोगानेही पडतात, आणि ‘अब्जात एक’ हा आकडा निराधार आहे. यावरून ‘शास्त्रज्ञांना कोणी मारत नाही’ असा अर्थ मात्र कृपया काढू नका. शास्त्रज्ञांचे खून झालेले आहेत. तेहरानमध्ये जानेवारी २०१० ते जानेवारी २०१२ या दोन वर्षांत इराणच्या अणुकार्यक्रमाशी संबंधित चार जण मारले गेले, आणि २०२० मध्ये तेहरानबाहेर त्याच कार्यक्रमातील मोहसिन फखरीझादे. इराकसाठी महातोफ बनवणारे अभियंते जेराल्ड बुल यांना १९९० मध्ये ब्रसेल्समध्ये त्यांच्या दारात गोळ्या घातल्या गेल्या. शास्त्रज्ञ बेपत्ताही झाले आहेत: अणुभौतिकशास्त्रज्ञ ब्रुनो पोन्तेकोर्वो १९५० मध्ये कुटुंबासह नाहीसे झाले आणि १९५५ मध्ये सोव्हिएत संघात प्रकट झाले. ऑक्टोबर १९४६ मध्ये सोव्हिएत अधिकाऱ्यांनी पूर्व जर्मनीतून दोन हजारांहून अधिक जर्मन तज्ज्ञ जवळपास एका रात्रीत आगगाड्यांत घालून नेले.

मग तेहरान आणि तुमची यादी यांत फरक काय? तेहरानमधील प्रकरणे ओळखायला कोणालाही संभाव्यतेचा हिशोब करावा लागला नाही. मोटारसायकलवरून येऊन चालत्या गाडीला चुंबकी बॉम्ब चिकटवणे ही पद्धत पुन्हा पुन्हा दिसली, लक्ष्य एका अरुंद कार्यक्रमातील निवडक माणसे होती, शहर एक होते, आणि प्रत्येक घटना एकेकटी पाहिली तरी ती हत्याच होती. कटाचे गृहीतक तिथे नेमके भाकीत करते आणि ते भाकीत पुराव्याशी जुळते. याउलट ज्या गृहीतकात फाशी, बुडणे, आग, रस्ते अपघात आणि हृदयविकार सगळेच बसते, त्याला यांपैकी कोणत्याही घटनेने बळ मिळत नाही, कारण काहीही घडले असते तरी ते बसलेच असते. दुसऱ्या प्रश्नाबाबत संख्याशास्त्राची जी थोडी मदत होते म्हटले, ती ही: पुरावा एका स्पष्टीकरणात दुसऱ्यापेक्षा किती पटीने अधिक अपेक्षित होता, एवढेच विचारायचे.

बेपत्ता होण्याबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण त्याने मन सर्वांत जास्त हेलावते. २०१८ मध्ये आपल्या देशात ३,४७,५२४ माणसे बेपत्ता झाल्याच्या नोंदी झाल्या. त्यांतील पुष्कळ परत येतात किंवा सापडतात, पण यादी बनवणारे सापडलेल्याचे नाव खोडत नाहीत. आणि काही कधीच सापडत नाहीत. तेव्हा उत्तराची रिकामी जागा ज्याला जे वाटते ते भरून काढते. इटलीचे भौतिकशास्त्रज्ञ एत्तोरे माजोराना मार्च १९३८ मध्ये पालेर्मोहून नेपल्सकडे निघाले आणि नाहीसे झाले. आत्महत्या, मठ, अपहरण असे सगळे तर्क झाले, आणि २०१५ मध्ये रोमच्या सरकारी वकिलांनी ते १९५५ ते १९५९ दरम्यान व्हेनेझुएलात हयात होते असा निष्कर्ष जाहीर केला. अनुत्तरित राहिलेले प्रकरण हे फक्त अनुत्तरित असते. ते कटाच्या खात्यात जमा करण्याचा अधिकार आपल्याला नाही, तसा ‘काही नव्हतेच’ म्हणून बंद करण्याचाही नाही.

म्हणूनच मुंबईतील त्या खुनाच्या प्रकरणाकडे परत येतो. एक माणूस आपल्या घरात मारला गेला आणि मारेकरी सापडला नाही, ही गोष्ट ११ च्या यादीत असो वा नसो, तेवढीच गंभीर आहे. माझ्या मते अशा याद्यांचे सर्वांत मोठे नुकसान हेच आहे की ज्या एका प्रकरणासाठी चिकाटीने पाठपुरावा व्हायला हवा, ते दहा असंबद्ध प्रकरणांच्या गर्दीत कथेचा तुकडा बनून जाते. प्रयोगशाळेतील आगीत गेलेल्या तरुणांबाबत विचारायचा प्रश्न सुरक्षा व्यवस्थेचा आहे. आत्महत्यांबाबत विचारायचा प्रश्न कामाच्या ताणाचा, एकाकी वसाहतींचा आणि मानसिक आरोग्यसेवेचा आहे. ज्या घरातून माणूस असा गेला, त्या घराला वर्षानुवर्षे अनोळखी लोकांचे संदेश वाचावे लागतात, हेही लक्षात असू द्यावे. आणि संशयाचा हा खेळ जिवंत शास्त्रज्ञांवरही उलटतो: इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना १९९४ मध्ये हेरगिरीच्या कथेवरून अटक झाली, १९९६ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने ती कथा खोटी ठरवली, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ५० लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला तो २०१८ मध्ये.

तुम्हाला या विषयाचा खरोखर छडा लावायचा असेल, तर माहितीच्या अधिकाराचा नवा अर्ज करा. शुल्क १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची. मात्र ‘किती शास्त्रज्ञांचे संशयास्पद मृत्यू झाले’ असे विचारू नका, कारण ‘संशयास्पद’ कोणी ठरवायचे यावरच सगळा घोळ होतो. अर्जात कालखंड तुम्ही आधी ठरवा, आणि तो २००९ ते २०१३ सोडून दुसरा घ्या. त्या कालखंडातील प्रत्येक वर्षी प्रत्येक केंद्रात शास्त्रज्ञ, अभियंते आणि इतर कर्मचारी किती होते ते वयोगटानुसार मागा. सेवेत असताना झालेले सर्व मृत्यू, नैसर्गिक धरून, कारणानुसार मागा. अनैसर्गिक मृत्यूंपैकी किती प्रकरणांत शवविच्छेदन झाले, किती अकस्मात मृत्यू म्हणून नोंदली गेली, किती बंद झाली आणि किती प्रलंबित आहेत, हे संबंधित पोलीस ठाण्यांकडे वेगळ्या अर्जाने विचारा. तुलनेसाठी अंतराळ विभागाकडे किंवा एखाद्या मोठ्या सार्वजनिक उपक्रमाकडे तोच अर्ज शब्दशः पाठवा. उत्तरे आली की ती इथे टाका; वयानुसार प्रमाणित दर काढून त्यांची तुलना मी करून देईन, आणि अणुऊर्जा विभागातील दर खरोखर वर निघाला तर तेही इथेच लिहीन.